तिकीट आले, चढणे-उतरणे राहिले

आपल्याला इंग्रजीचा गंधही नाही असे सांगणारा एखादा गृहस्थ सकाळी घरून निघाल्यापासून कामावर पोहोचेपर्यंत किती इंग्रजी शब्द वापरतो, हे कुणीतरी एकदा त्याच्या मागोमाग हिंडून मोजावे. बस, स्टॉप, कंडक्टर, तिकीट, पास, सीट, सिग्नल, ब्रेक, टायर, पंक्चर, स्टेशन, प्लॅटफॉर्म, लोकल, फास्ट, स्लो, लेट, जंक्शन. यातील एकही शब्द त्याला परका वाटत नाही. खेड्यातील आजी तर 'येष्टी' म्हणते तेव्हा ती दोन इंग्रजी अक्षरे उच्चारीत आहे, याची तिला कल्पनाही नसते. आणि तरीही याच गृहस्थाला इंग्लंडातील एखाद्या गावी बसच्या थांब्यावर उभे केले, तर 'ही बस बाजाराकडे जाते का, आणि मी उतरू कुठे?' एवढे विचारताना त्याची जीभ टाळूला चिकटते. गाठीशी शब्दांची एवढी शिदोरी असताना असे का व्हावे?

हा प्रश्न केवळ पंडिती करमणुकीचा नाही. आज मराठी घरांतील कितीतरी आईबाप मुलाकडे किंवा मुलीकडे इंग्लंड-अमेरिकेस चार-सहा महिने राहावयास जातात. पाय धड असतात, डोळे धड असतात, गावाकडे रोज दोन मैल फिरण्याची सवय असते. पण तेथे गेल्यावर ही माणसे मुलांच्या सुटीच्या दिवसाची वाट पाहत खिडकीशी बसून राहतात. एकट्याने बसमध्ये बसून ग्रंथालयात किंवा देवळात जावे, ही गोष्ट त्यांना विमानप्रवासाहून अवघड वाटते. विमानात बसवून देणारे कुणीतरी असते. बसचे तिकीट मात्र स्वतः मागावे लागते. 'आम्हांला इंग्रजी येत नाही' असे ती सांगतात. आमचे म्हणणे असे आहे की, त्यांना निम्मे इंग्रजी येते. आपण इंग्रजीतून प्रवासाची नामे घेतली, ती मुबलक घेतली. पण त्या नामांना जोडून वाक्य चालविणारी बारीकसारीक क्रियापदे आणि अव्यये घेतली नाहीत. तिकीट आले, चढणे-उतरणे मागेच राहिले.

असे का झाले, ते समजण्यासारखे आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्याला पहिली आगगाडी सुटली. १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे, ३४ किलोमीटरांची वाट. त्या दिवशी ज्या वस्तू प्रथमच येथील लोकांच्या नजरेस पडल्या, त्यांना मराठीत नावे नव्हती, म्हणून वस्तूबरोबर नावही आले. परंतु चढणे, उतरणे, बसणे, निघणे, पोहोचणे ही कामे आपण हजारो वर्षे करीतच आलो होतो. बैलगाडीत चढणाऱ्याला आगगाडीत चढण्यासाठी नवे क्रियापद कशाला हवे? पुढे १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, सरकारी प्रवासी मोटारीची पहिली फेरी झाली आणि 'स्टँड', 'डेपो', 'कंडक्टर' हे शब्द तालुक्यातालुक्यांत पसरले. पण त्या स्टँडावरही माणसे चढली आणि उतरली मराठीतच. अलीकडे आपण 'गाडी पार्क केली', 'सीट बुक केली', 'ट्रेन मिस झाली' असे म्हणतो खरे. पण तेथेही वाक्याचा भार 'करणे' आणि 'होणे' हेच वाहतात. इंग्रजी शब्द फक्त ओझे म्हणून गाडीत बसलेला असतो.

घेतलेल्या नामांना आपण चांगलेच माणसाळविले. प्लॅटफॉर्मचा फलाट झाला. तिकिटाला नपुंसकलिंग मिळाले, बस स्त्रीलिंगी ठरली आणि 'तिकिटाला', 'स्टेशनावर' अशी मराठी विभक्ती त्यांना निमूटपणे लागली. कुणी विद्वानांनी त्यांच्याऐवजी लांबलचक संस्कृत शब्द सुचविले. त्यांतले बहुतेक विनोदापुरते उरले. 'स्थानक' मात्र टिकला, आणि त्याची गोष्ट मौजेची आहे. इंग्रजीतील 'स्टेशन' हा शब्द लॅटिनमधील 'उभे राहणे' या अर्थाच्या धातूपासून आला आहे, आणि तो धातू व आपला संस्कृत 'स्था' हे एकाच मुळाचे. दुसरीकडे, शिलाहारांच्या ताम्रपटांत ज्या नगराला 'श्रीस्थानक' म्हटले आहे, तेच आजचे ठाणे. म्हणजे या देशातील पहिली प्रवासी आगगाडी ज्या गावी गेली, त्या गावाचे नाव आठ-नऊशे वर्षे आधीपासूनच 'स्टेशन' होते! आज तेथे 'ठाणे स्थानक' असे आपण म्हणतो, ते व्युत्पत्तीच्या दृष्टीने पाहिले तर 'स्थानक स्थानक' असे होते.

इंग्रजी शब्दांचे ज्यांना दडपण वाटते, त्यांनी हे नातेसंबंध जरूर पाहावेत. आपले 'चाक' संस्कृत 'चक्रा'पासून आले. इंग्रजीचे 'व्हील' आणि ग्रीकमधून आलेले 'सायकल' हे त्याच 'चक्रा'चे भाऊबंद. बैलगाडीचा आस म्हणजे संस्कृतातील 'अक्ष', आणि मोटारीचा 'ॲक्सल' त्याचाच सगोत्र. बैलाच्या मानेवरचे 'जू' आणि इंग्रजी 'योक' एकाच घरचे. 'वाहन' आणि 'व्हेइकल' यांचेही मूळ एकच. चाक, आस, जू आणि वाहणे एवढे जमले की गाडी झाली. तेव्हा ही गाडी दोन्ही भाषांच्या पूर्वजांनी एकाच अंगणात जुंपलेली दिसते. जे नवे आहे ते सारे इंग्रजांनीही इकडूनतिकडून उचललेलेच आहे. 'कोच' हा शब्द हंगेरीतील कोच नावाच्या खेड्याचा, तेथे चांगल्या घोडागाड्या बनत म्हणून. 'रिक्षा' जपानी. 'व्हॅन' हा फार्सी 'कारवान'चा शेपटाकडचा तुकडा. 'टॅक्सी' म्हणजे मुळात गाडी नव्हेच, भाडे मोजणाऱ्या 'टॅक्सीमीटर' या यंत्राचे ते तोडलेले नाव. तेव्हा 'मीटर टाका' म्हणून टॅक्सीवाल्याशी हुज्जत घालणारा मनुष्य शब्दार्थाने अगदी योग्य जागी बोट ठेवीत असतो.

आणि 'बस'? लॅटिनमध्ये 'ऑम्निबस' म्हणजे 'सर्वांसाठी'. ४ जुलै १८२९ रोजी जॉर्ज शिलिबीअर नावाच्या गृहस्थाने लंडनात पॅडिंग्टनपासून बँकेपर्यंत तीन घोड्यांची अशी गाडी सुरू केली. नाव लांब, लोकांना घाई. म्हणून लवकरच नुसते 'बस' उरले. पण हे 'बस' म्हणजे मूळ शब्दातील निव्वळ विभक्तीचे शेपूट आहे. आपण 'सर्वांसाठी' नावाची गाडी काढावी आणि लोकांनी थांब्यावर उभे राहून 'साठी आली का हो?' असे विचारावे, तसा हा प्रकार झाला. इंग्रजी ही आखीवरेखीव भाषा आहे, तिला हात लावण्यापूर्वी पाय धुवावे लागतात, अशी ज्यांची समजूत असेल त्यांच्यासाठी हा एक शब्द पुरेसा आहे.

आता थोडे सावधगिरीचे. आपण घेतलेल्या नामांपैकी काहींचे अर्थ येथे आल्यावर सरकले आहेत, किंवा तिकडेच ते जुने होऊन गेले आहेत. आपल्याकडे मोटारीच्या मागच्या सामानाच्या कप्प्याला 'डिकी' म्हणतात. इंग्रजीत ती घोडागाडीच्या मागची नोकराने बसावयाची जागा होती. आजचा इंग्रज त्या कप्प्याला 'बूट' म्हणतो आणि अमेरिकन 'ट्रंक'. जादा चाकाला आपण 'स्टेपनी' म्हणतो. वेल्समधील लानेल्ली गावी स्टेपनी स्ट्रीटवर १९०४ च्या सुमारास असे जादा चाक तयार करून विकू लागले, त्या रस्त्याचे हे नाव. तेथील लोक ते विसरले, आपला गॅरेजवाला विसरला नाही. 'बोगी' म्हणजे आपल्याकडे रेल्वेचा सबंध डबा, इंग्रजीत मात्र डब्याखालचा फक्त चाकांचा सांगाडा. तेव्हा तिकडे 'माझी बोगी कोणती?' असे विचारणे म्हणजे आपण डब्याखाली बसून जाणार असल्याचे सांगणे होय. 'सबवे' लंडनात रस्त्याखालची पायवाट, न्यूयॉर्कमध्ये भुयारी रेल्वे. 'पेव्हमेंट'वरून चाला असे इंग्रज सांगतो ते आपल्या फुटपाथबद्दल. अमेरिकेत पेव्हमेंट म्हणजे रस्त्याचा डांबरी पृष्ठभाग, आणि तेथे त्या सल्ल्याप्रमाणे वागणे जिवावर बेतावयाचे. 'साहेब आउट ऑफ स्टेशन आहेत' हे वाक्य ऐकून परदेशी पाहुण्याला वाटते की साहेब नुकतेच रेल्वेच्या फाटकातून बाहेर पडले. कंपनी सरकारच्या काळी 'स्टेशन' म्हणजे अधिकाऱ्याच्या नेमणुकीचे गाव. त्या काळाचा तो अवशेष आहे.

ही झाली फुटकळ अडचण. दोन दिवसांत सवयीने दूर होते. खरी अडचण त्या लहान शब्दांची.

पहिला गोंधळ 'इन' आणि 'ऑन' यांचा. मराठीत आपण बसमध्ये असतो, मोटारीत असतो, रिक्षात असतो, विमानात असतो. सगळीकडे 'त' किंवा 'मध्ये'. इंग्रजीत मात्र 'इन द कार', 'इन अ टॅक्सी', आणि 'ऑन द बस', 'ऑन द ट्रेन', 'ऑन द प्लेन'. बसच्या टपावर बसल्यासारखे हे 'ऑन' कशासाठी, असे विद्यार्थी नेहमी विचारतात. ढोबळ खूण अशी : ज्या वाहनात उभे राहून चार पावले चालता येते, तेथे 'ऑन'; ज्यात वाकून शिरावे आणि बसूनच राहावे लागते, तेथे 'इन'. म्हणून जहाज 'ऑन', पण लहान होडी 'इन'. घोडा, सायकल आणि फटफटी यांच्यावर आपण खरोखरच वर बसतो, तेव्हा तेथे 'ऑन' असणारच. या खुणेला अपवाद सापडतील. जुने इंग्रज लेखक 'इन द ट्रेन' असेही लिहीत. पण नवख्याचे काम तीवर नव्याण्णव वेळा भागते.

यातूनच चढण्या-उतरण्याची क्रियापदे निघतात. जेथे 'ऑन', तेथे चढणे म्हणजे 'गेट ऑन' आणि उतरणे म्हणजे 'गेट ऑफ'. जेथे 'इन', तेथे 'गेट इन' आणि 'गेट आउट'. आपली माणसे मात्र 'उतरणे' या शब्दातील खाली येण्याची कल्पना सोडावयास तयार नसतात, म्हणून ती 'आय वॉन्ट टू गेट डाउन हिअर' असे म्हणतात. भारतात हे सर्रास चालते, आणि तिकडचा ड्रायव्हरही समजून घेईल. मात्र इंग्रजाच्या कानाला ते शिडीवरून किंवा घोड्यावरून खाली येण्यासारखे वाटते. आम्ही याला चूक म्हणण्यापेक्षा मराठी चालीचे इंग्रजी म्हणू. परंतु ज्याला थांब्यावर वेळेत उतरावयाचे आहे, त्याने 'गेट ऑफ' हे दोन शब्द पाठ करावेत.

'ने' या प्रत्ययाच्या बाबतीत मात्र दोन्ही भाषा हातात हात घालून चालतात. बसने, गाडीने, विमानाने. तसेच 'बाय बस', 'बाय ट्रेन', 'बाय एअर'. या 'बाय'नंतर 'अ' किंवा 'द' काही लावावयाचे नाही. आणि गंमत पाहा : पायाने गेलो असे मराठी म्हणत नाही, 'पायी गेलो' म्हणते, इंग्रजीही येथेच नियम मोडते आणि 'ऑन फूट' म्हणते. एवढे मात्र ध्यानात ठेवावे की, वाहन विशिष्ट झाले की 'बाय' गळते. 'मोटारीने आलो' हे 'बाय कार', पण 'मुलाच्या मोटारीने आलो' हे 'इन माय सन्स कार'. 'दहाच्या गाडीने जाईन' हे 'ऑन द टेन ओ'क्लॉक ट्रेन'.

सर्वांत घातक लहान शब्द कोणता म्हणाल, तर आम्ही 'फॉर' कडे बोट दाखवू. 'आय ॲम लीव्हिंग लंडन' म्हणजे मी लंडन सोडून चाललो. 'आय ॲम लीव्हिंग फॉर लंडन' म्हणजे मी लंडनला जावयास निघालो. तीन अक्षरांनी मनुष्याचे तोंड उलट दिशेला फिरते. मराठीत हे काम 'हून' आणि 'ला' करतात, आणि पुणेकर 'पुण्याहून निघालो' व 'पुण्याला निघालो' यांत कधीही घोटाळा करीत नाही. पण तोच इंग्रजी बोलू लागला की 'फॉर' गिळून टाकतो आणि स्टेशनवर न्यावयास आलेल्या माणसाला भलत्याच गावी उभा करतो.

आपल्या क्रियापदांतही तेवढेच सापळे आहेत, हे परक्याच्या दृष्टीने पाहिल्यावर कळते. 'गाडी लागली' म्हणजे ती फलाटाशी येऊन उभी राहिली. 'त्याला गाडी लागते' म्हणजे त्याला प्रवासात मळमळते. 'गाडी सुटली' म्हणजे ती वेळेवर निघाली. 'गाडी चुकली' म्हणजे आपण वेळेवर आलो नाही, तरी वाक्यात दोष गाडीकडेच! इंग्रजीत 'आय मिस्ड द ट्रेन' म्हणताना कर्ता 'आय' असतो, दोष स्वतःकडे घ्यावा लागतो. मुंबईचा मनुष्य दारातील दांडीला लोंबकळत असतानाही 'गाडीत बसलो, येतोच' असे घरी कळवितो. ही आपली 'बसणे' शब्दशः इंग्रजीत नेऊ नये. 'आय सॅट इन द ट्रेन' याचा अर्थ उभा नव्हतो, बसलो होतो, एवढाच. प्रवासाला निघालो हा अर्थ 'आय टुक द ट्रेन' किंवा 'आय गॉट ऑन द ट्रेन' यांनी येतो. 'गाडी पकडणे' मात्र थेट 'कॅच अ ट्रेन' सारखेच, ते निर्धास्त वापरावे.

बोलणे साधले तरी ऐकणे उरते. लंडनच्या भुयारी रेल्वेत 'माइंड द गॅप' ही सूचना १९६८ च्या सुमारापासून चालू आहे. आपल्याला 'माइंड' म्हणजे मन एवढेच ठाऊक. येथे तो 'सांभाळा' असे सांगतो : फलाट आणि डबा यांच्यामधली फट सांभाळा. बाहेर जाण्याच्या पाटीवर तेथे बहुधा 'एक्झिट' नसते, 'वे आउट' असते. गाडीतला आवाज 'अलाइट हिअर' म्हणतो तेव्हा 'येथे उतरा' एवढाच अर्थ. हा शब्द घरात कुणी बोलत नाही, रेल्वेपुरताच तो जिवंत राहिला आहे. आणि कधी मध्येच गाडी उभी राहून 'ऑल चेंज, प्लीज' असे ऐकू येते. नवखा प्रवासी कपडे बदलावयाचे की नोटा मोडून घ्यावयाच्या, या विचारात बसून राहतो आणि डबा रिकामा होतो. 'ही गाडी येथेच संपते, सर्वांनी उतरून दुसरी धरावी,' असा त्याचा अर्थ. मुंबईकराने तर तो आधीच ओळखावयास हवा. दादरला गाडी 'चेंज' करणे हे तो रोज करतोच.

ज्यांना हे सर्व जड वाटेल त्यांनी सुरुवातीला फक्त तीन वाक्ये जवळ बाळगावीत, आणि ती घरी मोठ्याने म्हणून पाहावीत. मनातल्या मनात म्हटलेले इंग्रजी ऐन वेळी दगा देते, हा आमचा अनुभव आहे. बसच्या दारात : 'डझ धिस बस गो टू द लायब्ररी?' तिकीट मागताना फक्त जावयाचे असेल तर 'अ सिंगल, प्लीज', जाऊन-येऊन हवे असेल तर 'अ रिटर्न, प्लीज'. अमेरिकेत हीच दोन 'वन-वे' आणि 'राउंड ट्रिप' होतात. ज्या गावी तिकीट न देता यंत्राला कार्ड टेकवितात, तेथे हे वाक्यही वाचते. आणि तिसरे, सर्वांत उपयोगी : 'कुड यू टेल मी व्हेन टू गेट ऑफ?' म्हणजे कुठे उतरावयाचे ते सांगाल का? हे वाक्य येत असेल तर बाकीचे व्याकरण कच्चे असले तरी मनुष्य हरवत नाही, कारण उतरविण्याची जबाबदारी आता ड्रायव्हरवर किंवा शेजाऱ्यावर पडली.

उत्तर बहुधा बोटे मोजून मिळते : 'टू मोअर स्टॉप्स', आणखी दोन थांबे. इंग्लंडात एखादा म्हातारा शेजारी मात्र 'नेक्स्ट बट वन' असे म्हणेल. त्यातील 'नेक्स्ट' ऐकून लगेच उठू नये. पुढचा थांबा जाऊ द्यावा, आणि त्याच्या पुढच्यावर उतरावे.